पोकेडेक्स-पूर्ती

पोकेडेक्स-पूर्ती : पोकेमॉन या जपानी खेळमालिकेतील झाडून सगळे प्राणी पकडून, वाढवून किंवा दुसऱ्या खेळाडूकडून घेऊन आपल्या नोंदवहीत पुरे करणे. मालिका हातात मावणाऱ्या खेळयंत्रासाठी निघाली. तिचे पहिले दोन खेळ, ‘रेड’ आणि ‘ग्रीन’, निन्टेन्डोच्या गेमबॉयवर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात आले. तेव्हा प्राण्यांची संख्या १५१ होती. पुढे ती २५१ (१९९९), ३८६ (२००२), ४९३ (२००६), ६४९ (२०१०), ७२१ (२०१३) अशी चढत गेली आणि नवव्या पिढीत (खेळांच्या नवव्या टप्प्याला असे म्हणतात), जानेवारी २०२४ पर्यंत, १,०२५ झाली. खेळाची कथा या पूर्तीवाचूनही संपते. आठ बिल्ले आणि शेवटची स्पर्धा जिंकली की नायक विजेता ठरतो. पूर्तीचे काम बहुतेकदा त्यानंतर सुरू होते.

नाव : जपानीत या नोंदवहीला ‘पोकेमॉन झुकान’ म्हणतात. झुकान म्हणजे चित्रांसह माहिती देणारा कोश. ‘पोकेडेक्स’ हे नाव इंग्रजी आवृत्तीसाठी घडवले गेले. त्यातील ‘डेक्स’ बहुधा ‘इंडेक्स’चे शेपूट असावे. हे पाहता मराठीत ‘कोश’ हाच प्रतिशब्द नेमका बसतो. त्यातून अळी स्वतःभोवती विणते तोही कोशच. खेळातील कॅटरपी ही अळी सातव्या पातळीला मेटापॉड नावाचा कोश होते आणि दहाव्या पातळीला बटरफ्री हे फुलपाखरू. या बदलाला खेळात आणि मुलांच्या बोलण्यात ‘इव्हॉल्व्ह होणे’ म्हणतात व त्याचे भाषांतर ‘उत्क्रांती’ असे केले जाते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर नाही. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या, समूहात घडते. एकाच जीवाचे रूप पालटते ते रूपांतरण. या नोंदीत तोच शब्द वापरला आहे.

सातारा जिल्ह्यात ‘कोश’ म्हटले की वाई आठवते. तेथून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. कोश पुरा करणे हे एका माणसाचे काम नसते, ही गोष्ट त्या गावाला शिकवावी लागत नाही. पोकेडेक्सच्या रचनेतही तीच गोष्ट मुळाशी आहे.

उगम : सर्व प्राणी जमवण्याची कल्पना कोठून आली याबद्दल एकमत नाही. सर्वाधिक प्रचलित मत खुद्द निर्मात्याच्या आठवणीवर आधारलेले आहे. सातोशी ताजिरी (जन्म १९६५) टोकियोजवळच्या माचिदा येथे वाढले. लहानपणी ते कीटक गोळा करीत आणि सोबती त्यांना ‘डॉक्टर बग’ म्हणत, असे १९९९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीतून कळते. शेते आणि तळी जाऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पुढच्या मुलांना तो आनंद खेळातून मिळावा अशी त्यांची इच्छा होती. पहिल्या पावसानंतर सोनकिडा पकडून तो काडेपेटीत पाल्यासह ठेवणाऱ्या आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधणाऱ्या साताऱ्याकडच्या मुलांना ही प्रेरणा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु या मताने ‘पकडणे’ तेवढे उलगडते, ‘सगळे’ उलगडत नाही. कीटक गोळा करणाऱ्याची यादी कधीच संपत नसते. संपणारी, क्रमांक घातलेली यादी आली ती दुसरीकडून.

दुसरे मत तिचा माग जपानी बाजारात काढते. खेळाच्या मूळ प्रस्तावाचे नाव ‘कॅप्सूल मॉन्स्टर्स’ होते. नाणे टाकल्यावर गोल डबीतून खेळणे देणारी यंत्रे जपानात तेव्हा घराघरातील मुलांच्या परिचयाची होती. १९६७ च्या ‘अल्ट्रासेव्हन’ या दूरदर्शन मालिकेत नायक छोट्या कुप्यांतून राक्षस बाहेर काढी. १९८५ पासून लोत्ते कंपनीच्या बिक्कुरिमान चॉकलेटात देव-दानवांची क्रमांकित चिकटचित्रे येत आणि त्यांसाठी मुले चॉकलेट टाकून देत. खेळांतही राक्षसाला आपल्या बाजूस वळवण्याची सोय ‘मेगामी तेन्सेइ’ (१९८७) आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ (१९९२) यांत आधीपासून होती. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्या वातावरण दाखवतात, कारण नव्हे.

तिसरे मत केबलचे आहे आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. दोन गेमबॉय जोडणारी लिंक केबल त्या काळी समोरासमोर स्पर्धा खेळण्यासाठी वापरली जाई. ताजिरींना त्या तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरकत जाणारा किडा दिसला, असे सांगतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ मधील एक दुर्मिळ टोपी त्यांना काही केल्या मिळेना आणि सहकारी चित्रकार केन सुगिमोरी यांच्याजवळ त्या दोन होत्या, ही आठवणही येथे जोडली जाते. एकाला नको असलेली वस्तू दुसऱ्याला हवी असते. आधी प्रत्येक कार्ट्रिज थोडे वेगळे करण्याचा विचार होता. त्याऐवजी रंगानुसार दोनच आवृत्त्या काढाव्यात हे निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो यांनी सुचवल्याचे बहुतेक ठिकाणी नमूद आहे. ‘सगळे’ या शब्दाला अर्थ आला तो या निर्णयामुळे. ज्या दिवशी एका आवृत्तीत सगळे मिळेनासे झाले, त्या दिवसापासून सगळे मिळवणे हे ध्येय झाले.

एकट्याने का होत नाही : इंग्रजीत पहिले दोन खेळ ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या नावांनी आले. ‘रेड’ मध्ये एकान्स, ग्रोलिथ, सायथर सापडतात, ‘ब्लू’ मध्ये नाहीत; ‘ब्लू’ मध्ये सँडश्रू, व्हल्पिक्स, पिन्सर सापडतात, ‘रेड’ मध्ये नाहीत. आरंभीच्या तीन प्राण्यांपैकी एकच मिळतो. दोन जीवाश्मांतून एक निवडावा लागतो. ईव्ही एकच मिळते आणि तिची रूपे तीन. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर, हाँटर या चौघांचे अंतिम रूप तर देवाणघेवाण झाल्याखेरीज येतच नाही. प्राणी दुसऱ्याच्या यंत्रात पोहोचतो त्या क्षणी पालटतो. म्हणजे तो परत हवा असेल तर समोरच्यावर विश्वास ठेवावा लागतो. सबंध मालिकेत याहून चांगला नियम क्वचितच सापडेल.

दीडशेव्या क्रमांकानंतरचा म्यू हा वेगळाच विषय आहे. खेळाचे प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी चाचणीची साधने काढून टाकल्यावर उरलेल्या सुमारे ३०० बाइट जागेत तो बसवला. ‘कोरोकोरो कॉमिक’ मासिकाने १९९६ मध्ये सोडत काढून केवळ वीस वाचकांना तो दिला. म्हणूनच सेलाडॉन शहरातील इमारतीत पूर्तीचे प्रमाणपत्र देणारा निर्माता १५० च मागतो. म्यू नसला तरी चालतो. सेलेबी, जिराची, डिऑक्सिस या नंतरच्या दुर्मिळ प्राण्यांनाही पुढे हाच न्याय लागला.

पूर्ती म्हणजे काय : येथे दोन पंथ आहेत. पहिल्याच्या मते प्राणी एकदा हाती आल्याची नोंद झाली की पुरे. दुसऱ्याच्या मते प्रत्येक जातीचा, प्रत्येक अवस्थेचा एकेक प्राणी एकाच वेळी पेटीत, म्हणजे खेळातील साठवणीत, हजर हवा. यास ‘लिव्हिंग डेक्स’ म्हणजे जिवंत संग्रह म्हणतात. यंत्राची साक्ष पहिल्या पंथाच्या बाजूची दिसते. पहिल्या पिढीत ‘पाहिले’ यासाठी १९ आणि ‘मिळवले’ यासाठी १९ बाइट राखलेले असत. १९ बाइट म्हणजे १५२ बिट; १५१ जातींना एकेक बिट, वर एक शिल्लक. प्राणी सोडून दिला, कोणाला दिला, तरी तो बिट पुसला जात नाही. उलट पेटीत ठेवलेला प्रत्येक प्राणी नाव वगळता ३३ बाइट खातो.

तरीही दुसऱ्या पंथाचा दावा सहज टाकता येत नाही. इंग्रजी आवृत्त्यांतील पेट्यांची क्षमता पाहावी. पहिल्या पिढीत १२ पेट्या, प्रत्येकी २०, म्हणजे २४० जागा आणि जाती १५१. दुसऱ्या पिढीत २८० जागांना २५१. तिसरीत १४ पेट्या प्रत्येकी ३०, म्हणजे ४२० जागांना ३८६. चौथीत ५४० ला ४९३. पाचवीत ७२० ला ६४९. दुसऱ्या पिढीपासून दर वेळी जागा जातींहून थोड्याच जास्त. हा योगायोग मानणे अवघड आहे. निर्मात्यांनी जिवंत संग्रह गृहीत धरला होता, असेच मानावेसे वाटते. रूपभेद मोजू लागल्यास मात्र हिशेब कोलमडतो. २०१३ च्या खेळांतील व्हिव्हिलॉन या फुलपाखराच्या पंखांवर प्रदेशानुसार १८ नक्ष्या येतात आणि कोणती येणार हे यंत्रात नोंदवलेल्या प्रदेशावर ठरते. बाकीच्या सतरा परमुलखातील माणसांकडूनच मिळवाव्या लागतात.

पकडण्याचे गणित : प्रत्येक जातीला ३ ते २५५ असा एक अंक दिलेला असतो. कॅटरपीचा २५५, म्यूटूचा ३. तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या सूत्रानुसार प्राण्याचे बळ पूर्ण असताना या अंकाचा तिसरा हिस्सा धरला जातो. बळ अगदी तळाला गेल्यास जवळजवळ पूर्ण अंक. त्याला पकडण्यासाठी फेकायच्या चेंडूच्या प्रतीने (अल्ट्रा बॉल असल्यास २) आणि अवस्थेने (झोप किंवा गोठणे २, लकवा, विष, भाजणे १.५) गुणतात. उत्तराला २५५ ने भागले की संभाव्यता मिळते. म्हणून ताज्यातवान्या म्यूटूवर साधा पोकेबॉल टाकल्यास यश सुमारे २५५ त एकदा. एक बळ उरलेल्या, झोपलेल्या म्यूटूवर अल्ट्रा बॉल टाकल्यास सुमारे २१ त एकदा. चेंडू तीनदा हलतो तेव्हा आत चार कसोट्या चाललेल्या असतात. त्या वेळी ‘बी’ बटण दाबून धरल्यास प्राणी सुटत नाही, ही समजूत जगभर आहे. तिला आधार नाही. संगणकावर खेळणारी इकडची मुले त्याच श्रद्धेने कळफलकावरील ‘एक्स’ दाबून धरीत.

स्थलांतर : पहिल्या दोन पिढ्यांचे प्राणी तिसरीत नेता येत नाहीत. तेथे साखळी तुटते. त्या कार्ट्रिजांत नोंदी जपणारा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की संग्रहही गेला. तिसऱ्या पिढीपासून मात्र वाट अखंड आहे, तीही एकेरी. २००२ साली ‘रूबी’त पकडलेला प्राणी पाल पार्क या सोयीमार्गे चौथ्या पिढीत, तेथून पाचव्या, मग पोकेमॉन बँक या ऑनलाइन साठवणीतून २०२० साली सुरू झालेल्या पोकेमॉन होममध्ये येऊ शकतो. २०१९ च्या ‘स्वोर्ड’ व ‘शील्ड’पासून सर्व जाती एका खेळात ठेवण्याचे निर्मात्यांनी थांबवले. सुरुवातीच्या प्रादेशिक सूचीत ४०० च जाती होत्या. तेव्हापासून संपूर्ण संग्रह कोणत्याही खेळात नाही. तो होममध्ये, खेळाबाहेर, साठवणीत असतो. मोठे नुकसान आहे हे. २०२२ च्या ‘लेजेंड्स : आर्सिउस’मध्ये लिंकिंग कॉर्ड नावाची वस्तू आली आणि कडाब्रादी चौघे देवाणघेवाणीविना रूप पालटू लागले.

सातारा-सांगली : या भागात मालिका आधी टीव्हीवर आली, हिंदी आवाजांत. मग चिप्सच्या पाकिटांतले टॅझो, म्हणजे चित्रांच्या चकत्या, आले. टॅझोंची अदलाबदल शाळेच्या मधल्या सुट्टीत, डबा खाण्याच्या आधी होई. गेमबॉय क्वचितच कोणाकडे; खेळ पोहोचला तो संगणकावर ते यंत्र उतरवणाऱ्या एम्युलेटरमधून, सीडी किंवा पेनड्राइव्हवर, नेट कॅफेत तासाच्या दराने, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईच्या मावसभावाच्या कृपेने. ‘फायररेड’ आणि ‘एमराल्ड’ ही त्यांतील घराघरातली नावे. ‘फायररेड’मध्ये साठ जाती जमवून शेवटची स्पर्धा जिंकेपर्यंत राष्ट्रीय सूची, म्हणजे सर्व प्राण्यांची यादी, उघडत नाही, हे अनेकांना कळलेच नाही. ते झुबॅटचा गोल्बॅट करीत आणि पुढचा क्रोबॅट होत का नाही याचा विचार करीत बसत.

केबल नव्हती, त्यामुळे कडाब्रा व हाँटर यांची अंतिम रूपे, अलाकाझाम आणि गेंगार, अडली. त्यावर तीन वाटा निघाल्या. एक, कोड टाकून हवा तो प्राणी समोर आणणे. याला मुले ‘रडीचा डाव’ म्हणत आणि करतही. दुसरी, एम्युलेटरची सुधारित आवृत्ती घेऊन एकाच संगणकावर दोन खिडक्या उघडणे व स्वतःच स्वतःला प्राणी देणे. तांत्रिकदृष्ट्या ही पूर्तीच. पण तीत समोर कोणी नसे. तिसरी वाट कमी नोंदली गेली आहे : तीन-चार मुलांनी मिळून एकच सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची जतन केलेली प्रगती, चालवणे. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, पेनड्राइव्ह दप्तरातून फिरे. कोणी गुहेत दगड हलवण्यात वाकबगार, कोणी सफारी झोनमध्ये तासन्‌तास थांबणारा. नियमांच्या काटेकोर अर्थाने येथे देवाणघेवाण शून्य होती. तरी केबलमागचा मूळ हेतू पाहता ही तिसरी वाट दुसरीपेक्षा त्याच्या अधिक जवळ होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रत्येक प्राण्यासोबत त्याला प्रथम पकडणाऱ्याचे नाव व क्रमांक कायमचा राहतो. तो किती हातांतून गेला तरी बदलत नाही. तिसऱ्या पिढीच्या इंग्रजी आवृत्तीत या नावाला सात अक्षरे मिळतात. साताऱ्यातील अशा एका सामाईक फाइलीत त्या जागी कोणा एकाचे नाव नव्हते. चौघांची आद्याक्षरे एकापुढे एक लिहिलेली होती आणि म्यूटूपासून मॅजिकार्पपर्यंत प्रत्येकाच्या माहितीपत्रावर तीच चार अक्षरे उमटलेली होती.