तापत्या वायूचं लाइट बिल

शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडी भट्टीत पूर्ण भाजली, की ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. ४४ ग्रॅम म्हणजे या वायूचा एक मोल, रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं ठरावीक माप. हा एक मोल २५ अंश सेल्सिअसवरून ७२७ अंशांपर्यंत, म्हणजे २९८ केल्विनवरून १००० केल्विनपर्यंत तापवायचा तर किती उष्णता लागेल? दाब कायम ठेवला, तर ही उष्णता म्हणजेच वायूच्या एन्थाल्पीतला (अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) बदल.

शाळेतलं सूत्र तोंडपाठ असतं: उष्माधारकता (एक अंश तापवायला लागणारी उष्णता) गुणिले तापमानातली वाढ. कोष्टकात २५ अंशांना ३७.१ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन हा आकडा सापडतो. त्याला ७०२ ने गुणलं की २६ किलोज्यूल येतात. खरं उत्तर मात्र ३३.४ आहे. पाचव्या हिश्श्याहून जास्त उष्णता हिशोबातून गळाली!

कारण उष्माधारकता हा दर आहे, आणि तो बदलतो. घरचं लाइट बिल आठवा. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, पुढच्या युनिटांना चढा. सगळी युनिटं पहिल्याच दराने मोजून कुणी बिल काढत नाही. कार्बन डायऑक्साइडचा दर ५०० केल्विनला ४४.६ होतो आणि १००० केल्विनला ५४.३. मग शंभर-शंभर अंशांचे स्लॅब पाडायचे. २९८ ते ४०० या स्लॅबला ४.० किलोज्यूल लागतात, ४०० ते ५०० ला ४.३, आणि शेवटच्या ९०० ते १००० ला तब्बल ५.४. सातही स्लॅबची बेरीज ३३.४ भरते. स्लॅब बारीक करत करत शून्याकडे नेले, की त्यालाच संकलन म्हणतात. वर्गात मी हे असंच शिकवतो, कारण संकलनाचं चिन्ह पाहून दचकणारी मुलं लाइट बिल पाहून दचकत नाहीत.

पुस्तकी पद्धतीत हा बदलता दर एका सूत्रात बसवतात: a + bT + c/T². यात T म्हणजे केल्विनमधलं तापमान. कार्बन डायऑक्साइडसाठी a ४४.२२, b ०.००८७९ आणि c उणे ८,६२,०००. संकलन केलं की पहिल्या पदातून ३१.०, दुसऱ्यातून ४.०, तिसऱ्यातून उणे २.० किलोज्यूल मिळतात. एकूण ३३.०, म्हणजे खऱ्या उत्तरापासून फार तर सव्वा टक्का दूर. इथे वह्यांमध्ये एक चूक हमखास दिसते. संकलनात T चा T²/2 होतो, म्हणून दुसऱ्या पदात दोन्ही तापमानांचे वर्ग करून मग वजाबाकी करायची असते. मुलं आधी वजाबाकी करतात आणि मग वर्ग. ९,११,१९६ च्या जागी ४,९२,८०४ येतात आणि ४.० किलोज्यूलचे २.२ होतात. तापमान केल्विनमध्येच घालायचं, हेही इथे विसरून चालत नाही. नुसत्या फरकाला सेल्सिअस चालतं, वर्गाला चालत नाही.

पण दर का चढतो? मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. आर्गॉनचा दर २०.८, थंड असो वा तापलेला. त्याचे सुटे अणू फक्त इकडून तिकडे धावतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू धावतो, गरगरतो आणि शिवाय चार प्रकारे थरथरतो. धावणं, गरगरणं आणि प्रसरण पावताना बाहेरची हवा ढकलणं यांचा खर्च मिळून २९.१ होतो. उरलेला खर्च थरथरण्याचा. ही कंपनं हवी तेवढी थोडी ऊर्जा घेत नाहीत. ठरावीक आकाराचा घासच घेतात. थंड वायूत एवढा घास क्वचितच हाती लागतो. तापमान वाढेल तशी एकेक कंपनं जागी होतात. मधला कार्बन आणि कडेचे दोन ऑक्सिजन वाकून हलतात, ते कंपन सर्वांत लहान घासाचं, म्हणून २५ अंशांनाही ते अर्धवट जागं असतं. हेच कंपन १५ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण शोषून पृथ्वीची उष्णता अडवतं. चारही पूर्ण जागी झाली तर दर ६२ च्या पुढे जाईल. १८६० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलला वायूंच्या उष्माधारकतेचे आकडे आपल्या सिद्धांतात बसवता येईनात. ही घासाची गोष्ट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

भट्टीवाल्याला मात्र या सात किलोज्यूलची झळ थेट बसते. एक टन शुद्ध चुनखडीतून ४४० किलो, म्हणजे दहा हजार मोल वायू निघतो. ७२७ अंशांपर्यंतचाच हिशोब धरला, तरी शाळेतल्या सूत्राने सत्तर मेगाज्यूलहून जास्त उष्णता विसरली जाते. तेवढ्यात साध्या तापमानाचं दोनशे लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. चंद्रपूरकडे गडचांदूर, घुग्घुस भागात सिमेंट कारखान्यांचे उंच प्रीहीटर मनोरे दिसतात. भट्टीतून वर चढणारा तापलेला वायू त्यांच्यात आपली उष्णता खाली येणाऱ्या चुनखडीच्या भुकटीला देतो.