ओसाड वाड्यांचे फोटो काढायचेत? आधी मालक शोधा

गोव्यातल्या जुन्या घरांच्या फोटोसाठीचे अर्ज परत येतात ते बहुतेक एकाच कारणाने. अर्ज ज्याच्या नावे लिहिलेला असतो, त्याचा त्या वास्तूवर हक्कच नसतो. ‘जुन्या घराचे फोटो काढण्यास परवानगी मिळावी’ असा अर्ज घेऊन पंचायतीत आणि मामलेदार कचेरीत खेपा घालणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. खासगी घरात शिरायची परवानगी पंचायत देऊच शकत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत आहे? पण अर्जावर आवक शिक्का बसतो आणि माणूस वाट बघत राहतो.

रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग टिपायला मालकाची परवानगी लागत नाही. फाटक ओलांडले की लागते. छप्पर कोसळले म्हणून घर बेवारस होत नाही.

सर्व्हे नंबर मिळवून एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवर कोणाचे नाव आहे ते दाखवणारा कागद काढा. शहरात असाल तर त्याऐवजी फॉर्म डी. अडते ते इथेच. उताऱ्यावर नाव कधीच वारलेल्या पणजोबांचे, वारस कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालेलीच नाही. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्याने मिळकत सहसा नवरा-बायको दोघांची. म्हणून एका पुतण्याने फोनवर ‘जा, काढा’ म्हटले की काम झाले असे समजू नका. दुसऱ्या भावाने पोलीस बोलावल्याचे मी पाहिले आहे. घरपट्टी कोण भरतो ते विचारा. त्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, पण बाकीच्या वारसांचे पत्ते बहुधा त्याच माणसाकडे मिळतात. आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा माणूस, असेल तर त्यालाही भेटा. त्याचा होकार म्हणजे मालकाचा होकार नव्हे, पण त्याला न विचारता त्याच्या अंगणातून जाणे बरे नाही.

उताऱ्यावर कोमुनिदादचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे नाव असेल तर पत्र तिच्या समितीला द्या. १९६१ नंतर पोर्तुगालला गेलेल्यांच्या काही मिळकती १९६४च्या कायद्याने कस्टोडियनकडे, म्हणजे अशा मिळकती सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे आहेत. तिथे शेजाऱ्यांची संमती उपयोगाची नाही.

जुने गोवेची गोष्ट वेगळी. सेंट ऑगस्टिनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. उरलेला मनोरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिथे हातातला कॅमेरा चालतो. ट्रायपॉड किंवा दिवे न्यायचे तर आधी विचारा. चित्रीकरणाला रीतसर परवाना लागतो, आणि ड्रोनचे नियम त्याहून निराळे.

संमतिपत्रावर तारीख, माणसे किती, फोटो कशासाठी हे लिहा. छापणार किंवा विकणार असाल तर तेही स्पष्ट लिहा. सोबत ओळखपत्राची प्रत. मालकांना खरी भीती अपघाताची असते. माडीच्या फळ्या वाळवीने पोखरलेल्या असतात, पावसाळ्यानंतर तर पाय ठेवायच्या लायकीच्या नसतात. ‘माडीवर जाणार नाही’ एवढे एक वाक्य पत्रात घाला आणि ते पाळा. पत्राची सही झालेली प्रत खिशात ठेवा. शेजारी हटकतील तेव्हा तीच दाखवायची आहे.