सीटीसी आणि ऑर्थोडॉक्स: कॉफी शॉपमधले दोन वेगळे चहा

पुण्यातल्या बहुतेक कॉफी शॉपच्या मेन्यूत कॉफीचे पंधरा-वीस प्रकार सविस्तर दिलेले असतात आणि चहा मात्र शेवटी, 'इतर' या मथळ्याखाली, एका ओळीत उरकलेला असतो. मागवल्यावर येतो तो गरम पाण्याचा कप, त्यात दोऱ्याने लटकलेली टी-बॅग आणि बाजूला दुधाचे छोटे भांडे. शेजारच्या अमृततुल्यात याहून कितीतरी चांगला चहा दहा-पंधरा रुपयांत मिळत असताना गिऱ्हाइकाने त्यासाठी शंभर रुपये का मोजावेत, याचे उत्तर दुकानाकडे नसते. 'आमच्याकडे चहा खपत नाही' ही तक्रार मग ठरलेली असते. माझ्या मते बहुतेक वेळा दोष मागणीचा नसतो. चहापत्तीच्या दोन अगदी वेगळ्या जातींना एकच माल समजून दोघांनाही चुकीची वागणूक दिली जाते.

त्या दोन जाती म्हणजे सीटीसी आणि ऑर्थोडॉक्स. झाड एकच असते आणि तोडलेले पान सुकवून मऊ करण्याची पहिली पायरीही दोघांना समान असते. फरक पडतो तो त्यानंतर. सीटीसीमध्ये ('क्रश, टेअर, कर्ल', म्हणजे चिरडणे, फाडणे, वळणे) पान वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दातेरी रुळांमधून जाते, चिरडले जाते, फाटते आणि त्याचे बारीक दाणे वळले जातात. आसामात 1930 च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत आज भारतातल्या बहुतांश चहासाठी वापरली जाते आणि आपल्या घरातल्या डब्यातली दाणेदार चहापूड तिच्यातूनच आलेली असते. ऑर्थोडॉक्समध्ये पान न कापता नुसते मळले आणि पिळले जाते, त्यामुळे ते बरेचसे अखंड राहते आणि सुगंध टिकतो. 2004 मध्ये देशात सर्वांत आधी भौगोलिक मानांकन मिळवणारा दार्जिलिंग चहा याच पद्धतीचा आहे. निलगिरी आणि आसामातही ऑर्थोडॉक्स बनतो.

दाणा बारीक असल्यामुळे सीटीसी पाण्यात पटकन उतरतो, गडद रंग आणि तुरटपणा देतो, आणि दुधातली प्रथिने त्या तुरटपणाला धरून ठेवत असल्याने दूध घातल्यावरच त्याची चव जमून येते. म्हणून त्याला हलका माल समजणे चूक आहे. तो दुधासाठीच घडवलेला चहा आहे. फर्स्ट फ्लश, म्हणजे वसंतातल्या पहिल्या तोडणीच्या, दार्जिलिंगमध्ये तेच दूध ओतले, तर ज्या फुलांसारख्या वासासाठी पैसे मोजले तोच दबून जातो. आसामचा सेकंड फ्लश (त्यानंतरच्या तोडणीचा) ऑर्थोडॉक्स थोडे दूध सोसतो, पण तो अपवाद समजावा.

कॉफी शॉपची खरी अडचण इथे सुरू होते, कारण तिथली सगळी मांडणी यंत्राभोवती असते. स्टीम वाँडने, म्हणजे कॉफी यंत्राच्या वाफेच्या नळीने, दूध साधारण 60 ते 65 अंशांपर्यंत तापवतात, कॉफीला ते पुरते. दुधाच्या चहाला मात्र पत्तीसकट खळखळून उकळी लागते. फेसाळ दुधात टी-बॅग बुडवून 'मसाला चहा' म्हणून विकणे हा दोन्ही पेयांवर अन्याय आहे. सीटीसीचा चहा ठेवायचाच असेल, तर एक इंडक्शन शेगडी आणि जाड बुडाचे पातेले एवढी सोय करावी. किसलेले आले आधी पाण्यात नीट उकळून घ्यावे आणि दूध नंतर घालावे. कच्चे आले कोमट दुधात पडले, तर त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) दूध फाटण्याची भीती असते, हे घरातल्या कुणालाही विचारले तरी कळेल. शेगडीची सोय करायची नसेल, तर मेन्यूतून दुधाचा चहा सरळ काढून टाकलेला बरा.

ऑर्थोडॉक्स मात्र कॉफी शॉपला सोयीचा आहे, आणि याकडे मालकांचे लक्ष फारसे जात नाही. त्याला उकळी लागत नाही. साधारण दोन ते अडीच ग्रॅम पत्ती, 200 मिली पाणी, एक गाळणी आणि तीन मिनिटांचा टायमर एवढ्यावर काम भागते. फर्स्ट फ्लशसाठी पाणी 85 ते 90 अंशांचे असावे, उकळते नसावे, नाहीतर कडवटपणा चढतो. गाळणी वेळेवर काढणे ही बरिस्ताची जबाबदारी आहे, गिऱ्हाइकाची नव्हे. चांगल्या पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी घालता येते. ते विनामूल्य दिले, तर गिऱ्हाईक अर्धा तास अधिक बसते आणि सोबत काहीतरी खायलाही मागवते.

आता खर्च. समजा, ऑर्थोडॉक्स किलोला 3,000 रुपयांनी घेतला, तर अडीच ग्रॅमच्या एका कपाची पत्ती साडेसात रुपयांना पडते. सीटीसी किलोला 500 रुपयांनी घेतला, तर तीन ग्रॅमचे दीड रुपयाच होतात, पण त्यावर 100 मिली दूध घातले आणि दूध 65 रुपये लिटर धरले, की आणखी साडेसहा रुपये वाढतात. म्हणजे मालाचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा येतो, आणि शेगडीपाशी उभे राहण्याचा वेळ फक्त सीटीसीला लागतो. 'महागडा' समजला जाणारा चहाच दुकानाला स्वस्त पडतो, म्हणून मेन्यूत दोन्हींना स्वतंत्र मथळे देऊन ऑर्थोडॉक्सच्या खाली बागेचे किंवा निदान प्रदेशाचे नाव आणि हंगाम लिहावा, जसे कॉफीच्या बियांबाबत लिहिले जाते.

साठवणीबाबत एक खबरदारी दोघांनाही लागू आहे, ऑर्थोडॉक्सला जरा जास्तच. चहा आजूबाजूचा वास पटकन ओढून घेतो आणि कॉफी ग्राइंडरजवळ उघडा ठेवलेला डबा काही दिवसांत कॉफीचा वास मारू लागतो. डबा घट्ट झाकणाचा असावा, ग्राइंडरपासून लांबच्या कपाटात ठेवावा, आणि फर्स्ट फ्लश एका वेळी पाव किलोच आणावा: अडीच ग्रॅमच्या हिशेबाने तेवढ्यात शंभर कप होतात, आणि तेवढे खपेपर्यंत त्याचा वास टिकतो.