डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याची निवड

लेन्समधून न बघता वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या खिडकीतून दृश्य बघायचे, दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधायचा आणि फोटो फिल्मऐवजी सेन्सरवर टिपायचा, अशा रचनेच्या कॅमेऱ्याला डिजिटल रेंजफाइंडर म्हणतात. मराठीत ‘अंतरमापक कॅमेरा’ म्हणता येईल, पण दुकानात आणि फोटोग्राफर मंडळींच्या बोलण्यात ‘रेंजफाइंडर’ हाच शब्द चालतो. असे कॅमेरे बाजारात आणणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. तरीही निवड अवघड होते, कारण वीस वर्षांपूर्वीची मॉडेले आणि आजची मॉडेले एकाच जुन्या-नव्या बाजारात शेजारी शेजारी विकली जातात आणि त्यांच्या किमतींत अनेक पटींचा फरक असतो.

रचना : कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला दोन खिडक्या असतात. मोठीतून दृश्य दिसते. लहानीतून आलेली प्रतिमा आतल्या काचांवरून वळून मोठीच्या मधोमध एका उजळ चौकोनात पडते. लेन्सची कडी फिरवली की तिच्या मागचा उतरता काठ कॅमेऱ्यातल्या छोट्या चाकाला ढकलतो आणि चौकोनातली प्रतिमा आडवी सरकते. समोर दाराची चौकट असेल तर सुरुवातीला तिच्या दोन कडा दिसतात. कडी फिरवत जावे, दोन्ही कडा एक झाल्या की फोकस बसला. माणसाचा फोटो काढताना नजर चष्म्याच्या काडीवर किंवा शर्टाच्या पट्टीवर ठेवणे सोयीचे. सपाट, एकरंगी भिंतीवर जुळवायला काही सापडतच नाही.

दोन खिडक्यांमधले अंतर, म्हणजे ‘पाया’, जेवढे जास्त आणि दृश्य जेवढे मोठे दिसेल, तेवढा फोकस अचूक. लायका या जर्मन कंपनीच्या ‘एम’ मालिकेतल्या कॅमेऱ्यांत हे अंतर 69.25 मिमी असते. एम10 मध्ये दृश्य 0.73 पट दिसते, म्हणजे उपयोगी पाया (अंतर गुणिले दृश्याची पट) सुमारे 50 मिमी भरतो. एप्सनच्या आर-डी1 मध्ये दृश्य अगदी नैसर्गिक आकाराचे दिसते, पण पाया 38.2 मिमीच आहे. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढायचे सुख एप्सनमध्ये आहे, मात्र दूरचे जवळ आणणारी 90 मिमीची लेन्स पूर्ण उघडून, म्हणजे छिद्र सर्वांत मोठे ठेवून, वापरली तर फोकस चुकायची शक्यता वाढते.

कोणासाठी : पैशाचा हिशेब मांडण्याआधी आपण कशाचे फोटो काढतो हे पाहावे. रेंजफाइंडरच्या खिडकीत लेन्सनुसार पांढऱ्या चौकटी उमटतात आणि चौकटीबाहेरचेही दिसत राहते. कोण चौकटीत शिरणार आहे ते आधीच कळते. रस्त्यावरचे, घरातले, प्रवासातले, लोकांच्या जवळ जाऊन काढायचे फोटो हे या कॅमेऱ्याचे खरे क्षेत्र. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ 1947-48 मध्ये भारतात हिंडले ते फिल्मवरची लायका घेऊनच. 28, 35 आणि 50 मिमी या लेन्स इथे मनापासून चालतात. 135 मिमी ही व्यवहारातली शेवटची पायरी, आणि तीही कष्टाचीच. बहुतेक लेन्स 0.7 मीटरच्या आत फोकस होत नाहीत. भिगवणला रोहित पक्षी टिपायचे असतील, फुलांचे परागकण दाखवायचे असतील किंवा लग्नाचे काम घेऊन ऑटोफोकसवर पोट भरायचे असेल, तर हे पैसे दुसऱ्या कॅमेऱ्यावर घालावेत.

गर्दीत तर कित्येक जण चौकोन जुळवायच्या भानगडीत पडतच नाहीत. 35 मिमीची लेन्स एफ/8 वर, म्हणजे छिद्र बरेच लहान ठेवून, फोकस 3 मीटरवर लावला, की पूर्ण आकाराच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर साधारण 2 ते 7 मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. वारीसारख्या ठिकाणी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत क्षण निघून जातो, तिथे ही युक्ती कामाला येते.

चष्मा असणाऱ्यांनी 28 मिमीची चौकट स्वतः पाहिल्याशिवाय एम कॅमेरा घेऊ नये. चष्म्याची काच मधे आली की त्या चौकटीच्या कडा दिसतच नाहीत. डोळा इकडून तिकडे हलवत बसावे लागते. 35 किंवा 50 वापरणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही.

मॉडेले : पहिला डिजिटल रेंजफाइंडर एप्सनचा आर-डी1, 2004 मधला. जपानच्या कोसिना कंपनीच्या बेसा या फिल्म कॅमेऱ्याच्या सांगाड्यावर तो बांधलेला आहे, सेन्सर 6 मेगापिक्सेलचा. प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने खटका ओढून शटर भरावे लागते, आणि वरच्या तबकडीत घड्याळासारखे काटे किती फोटो उरले, बॅटरी किती आहे ते दाखवतात. डिजिटल कॅमेऱ्यात याची काही गरज नव्हती, आणि त्यावरच लोक भाळतात. सेन्सर लहान असल्याने 35 मिमीची लेन्स जवळपास 53 मिमीसारखी दिसते. मूळ आर-डी1 ला 2 जीबीपर्यंतचीच कार्डे चालतात, तेव्हा जुनी कार्डे शोधून ठेवावी लागतात.

लायकाचा एम8 2006 मध्ये आला : 10.3 मेगापिक्सेल, सेन्सर फिल्मपेक्षा 1.33 पट लहान. अवरक्त किरण अडवणारी काच फार पातळ ठेवल्यामुळे काळे कृत्रिम कापड त्यात जांभळट दिसते. रंगीत कामासाठी प्रत्येक लेन्सवर खास फिल्टर चढवावा लागतो आणि तो खर्च किमतीत धरायला हवा. कृष्णधवल काढणाऱ्याला मात्र हाच दोष कधी कधी आवडतो. लायकाच्या डिजिटल एममध्ये शिरायची सर्वांत स्वस्त वाट आजही तीच.

2009 चा एम9 हा पूर्ण आकाराच्या सेन्सरचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर; 18 मेगापिक्सेल, सेन्सर कोडॅकचा, अमेरिकेतली किंमत तेव्हा 6,995 डॉलर. त्याच्या रंगांचे चाहते अजून आहेत. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 800 च्या पुढे मात्र चित्र लवकर खरखरीत होते. मोठी अडचण सेन्सरवरच्या काचेची : ओलाव्याने ती गंजते आणि फोटोवर बारीक ठिपके, वलये उमटतात. लायकाने काही वर्षे सेन्सर मोफत बदलून दिले, ती सोय आता राहिलेली नाही. 2012 चा मोनोक्रोम हा याच पिढीतला, फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा. हा दोष त्यालाही लागू होतो.

लायकाचा पुढचा एम, टाइप 240, हा 24 मेगापिक्सेलचा, मागच्या पडद्यावर थेट दृश्य दाखवणारा आणि व्हिडिओ घेणारा. हातात तो जाड लागतो, म्हणून बरेच जण त्याला नाके मुरडतात. पण बॅटरी दणकट आहे आणि सेन्सर गंजायचे भय नाही. माझ्या मते मध्यम खिशाच्या माणसाने आधी तोच पाहावा. 2017 च्या एम10 ने जाडी कमी करून फिल्मवाल्या एमची हातातली पकड परत आणली. 2022 चा एम11 60 मेगापिक्सेलचा, आत 64 जीबी साठवण, आधीच्या एममध्ये बॅटरी-कार्डासाठी काढावी लागणारी तळाची पट्टी गेलेली. काळा 530 ग्रॅमचा, चंदेरी 640 चा. सुरुवातीची किंमत 8,995 डॉलर.

फ्रान्समध्ये घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या बझाँसाँ शहरात तयार होणारा पिक्सी हे वेगळेच प्रकरण. त्याला मागे पडदा नाही, कार्डाची खाच नाही. फोटो आतच साठतात आणि मोबाइलवर पाहायचे.

फुजीफिल्मचे एक्स100 आणि एक्स-प्रो मालिकेतले कॅमेरे दिसायला असेच असले, खिडकीही कोपऱ्यात असली, तरी त्यांत अंतरमापक यंत्रणा नाही, फोकस ऑटो. 2025 मध्ये आलेल्या लायका एम ईव्ही1 मध्येही खिडकीच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदा आहे. दुकानदार ‘रेंजफाइंडर स्टाइल’ म्हणाला की यातला ‘स्टाइल’ हा शब्द नीट ऐकावा. ज्याला आकार आणि शांतपणा हवा आहे, दोन प्रतिमा जुळवायची हौस नाही, त्याचे काम एक्स100 वर पुष्कळ कमी पैशांत भागते.

लेन्सचा हिशेब : सगळे पैसे बॉडीत घालून लेन्ससाठी काही न उरणे ही नेहमीची चूक. सेन्सर दहा वर्षांत जुना होतो. 1954 मध्ये एम3 या फिल्म कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एम माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) लेन्स आजच्या एम11 वर बसतात. त्याही आधीच्या आटेवाल्या लेन्स एका पातळ कडीने चढतात. लायकाच्याच लेन्स हव्यात असेही नाही : कोसिना बनवते त्या फोक्टलेंडर आणि झाइसच्या लेन्स उत्तम आहेत, चीनच्या 7आर्टिसन्स व टीटीआर्टिसनच्या आणखी स्वस्त. जुनी सोव्हिएत ज्युपिटर-8 फार कमी किमतीत मिळते, पण तिचा काठ लायकाच्या मापाला नेमका जुळेलच असे नाही. जवळचा फोकस चुकू शकतो. एक 35 मिमी लेन्स घेऊन वर्षभर राहणे हा खर्च आटोक्यात ठेवायचा साधा उपाय.

जुना घेताना : पहिली तपासणी दूरची. लेन्स अनंतावर लावून लांबच्या टॉवरकडे बघावे. चौकोनातला टॉवर मूळ टॉवरवर आडवा आणि उभा, दोन्हीकडून बसला पाहिजे. मग 1 मीटरवर पट्टी तिरकी ठेवून, लेन्स पूर्ण उघडून, एका आकड्यावर फोकस करावा आणि फोटोत तोच आकडा धारदार आला का ते पाहावे. दूरचे बरोबर आणि जवळचे चूक निघाले तर यंत्रणा जुळवून घ्यावी लागेल. हे काम जाणत्या कारागिराचे, घरी पेचकस घेऊन बसू नये. नंतर एफ/16 वर आकाशाचा फोटो काढून संगणकावर पूर्ण मोठा करावा. धुळीचे डाग पुसून जातात, कडेला वलय असलेले ठिपके जात नाहीत. एम9 मध्ये असे दिसले की सौदा तिथेच सोडावा. मुंबईत बोरा बाजारात घेणाऱ्याने दिवसाउजेडीच जावे, म्हणजे या चाचण्या दुकानाबाहेर उभे राहून करता येतात.

परदेशातून मागवताना आयात शुल्क आणि कर धरून किंमत काढावी, शिवाय दुरुस्तीसाठी कॅमेरा महिनोन्महिने दूर जाऊ शकतो हेही लक्षात घ्यावे. कोकणपट्टीत आणि मुंबईत जुन्या लेन्सचा मोठा शत्रू बुरशी. मागून बारीक टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. चामड्याच्या बंद पाउचमध्ये पावसाळाभर ठेवलेली लेन्स हमखास बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा घालावे.