अभिव्यक्तिवाद आणि नववस्तुनिष्ठता : अस्वस्थतेच्या दोन तऱ्हा

जर्मन चित्रकलेतील अभिव्यक्तिवाद आणि नववस्तुनिष्ठता या दोन प्रवाहांची गल्लत वारंवार होते, आणि ती व्हावी यात नवल नाही. दोन्हींत बर्लिन आहे, रस्ते आणि कॅफे आहेत, रोगट वर्णाचे चेहरे आहेत, आणि दोन्हींतली चित्रे पाहून झाल्यावर मनात काहीतरी खुपत राहते. हे खुपणे मात्र चित्रात वेगवेगळ्या ठिकाणी दडलेले असते.

अभिव्यक्तिवादी चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर याचे 1914 मधले ‘पॉट्सडामर प्लात्झ’ हे दोन मीटर उंचीचे चित्र घ्या. रस्त्याच्या मधोमध असलेल्या गोल बेटावर दोन स्त्रिया उभ्या आहेत. एकीच्या चेहऱ्यावर विधवेची जाळी आहे. मागे काळ्या कपड्यांतले पुरुष सुळक्यासारख्या पावलांनी चालले आहेत आणि त्यांच्यापलीकडे स्टेशनची लाल इमारत दिसते. ते गोल बेट पाहणाऱ्याकडे इतके कलले आहे, की त्या दोघी कोणत्याही क्षणी घसरून चित्राबाहेर येतील असे वाटते. यथार्थदर्शनाचे, म्हणजे सपाट चित्रात खोली आणि अंतर दाखवण्याचे, नियम इथे अज्ञानातून मोडलेले नाहीत; पायाखालची जमीन भरवशाची राहिलेली नाही, ही जाणीव त्या कललेल्या वर्तुळातूनच पोचते. रस्ता हिरवा, चेहरे टोकदार, आणि सगळीकडे कुंचल्याचे तिरके, घाईचे फटकारे. म्हणजे अस्वस्थता चित्रविषयात जेवढी आहे, त्याहून अधिक ती रंगवणाऱ्या हातात आहे. किर्शनर आणि त्याच्या मित्रांनी 1905 मध्ये ड्रेस्डेन येथे ‘ब्रुके’ हा गट स्थापन केला, तेव्हापासून हा हात लपवायचा नाही, हेच त्यांचे धोरण होते.

आता नववस्तुनिष्ठतेच्या बाजूने ओटो डिक्सचे 1926 मधले पत्रकार सिल्व्हिया फॉन हार्डेन यांचे व्यक्तिचित्र पाहा. एका डोळ्यावर चष्म्याची एकच काच, आखूड केस, लाल-काळ्या चौकड्यांचा पोशाख, बोटांत सिगारेट, संगमरवरी टेबलावर पेयाचा पेला, आणि एका पायावरून ओघळलेला मोजा. इथे काहीच हलत नाही. लाकडी फलकावर टेंपेरा (अंड्याच्या बलकासारख्या माध्यमात कालवलेले रंग) आणि तैलरंगांचे पातळ थर जुन्या जर्मन चित्रकारांच्या पद्धतीने चढवले आहेत, त्यामुळे कुंचल्याच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. चित्रकाराने काहीही न बोलता केवळ निरखले आहे, असा आभास निर्माण होतो, आणि त्या ओघळलेल्या मोज्यावर नजर गेली की तीच नजर आपल्यालाही चुकवावीशी वाटते. (मला या चित्रात सर्वाधिक त्रास तो मोजाच देतो.)

हा थंडपणा कोठून आला, हे समजण्यासाठी मधली बारा वर्षे लक्षात घ्यावी लागतात. डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगन चालवत होता. त्यानंतर पराभव आला, आणि नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरची किंमत 4.2 लाख कोटी मार्कांवर पोचली. एवढे झाल्यावर आक्रोशावरचा विश्वास उडाला असावा, असे मला वाटते. 1925 मध्ये गुस्टाफ हार्टलाउब यांनी मानहाइमच्या कलादालनात ‘नववस्तुनिष्ठता’ या नावाने प्रदर्शन भरवले आणि या प्रवाहाला नाव मिळाले.

विरूपीकरण दिसले की अभिव्यक्तिवाद, असा सोपा ठोकताळा अनेकदा सांगितला जातो. तो टिकत नाही. हार्डेन यांची बोटेही अनैसर्गिक लांब आहेत. फरक असा, की किर्शनरकडे आकृती, रस्ता आणि हवा यांना एकाच थरथरीने ग्रासलेले असते, तर डिक्सकडे विरूपता त्या बोटांपुरती राहते आणि तिच्याभोवतीचे जग घट्ट व निश्चल असते. म्हणून चेहरा सोडून टेबलाची कड, जमीन आणि पार्श्वभूमी पाहावी. तीही डळमळत असतील तर चित्र बहुधा अभिव्यक्तिवादातले असते.

नावांवर विसंबून मात्र चालणार नाही. ‘सैनिक म्हणून स्वतःचे चित्र’ या आशयाची चित्रे दोघांनीही काढली आहेत. किर्शनरच्या 1915 मधल्या चित्रात तो गणवेशात उभा आहे आणि त्याचा उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता, पण लष्करी सेवेत मन खचल्याने त्याला घरी पाठवावे लागले होते. डिक्सचे 1914 मधले चित्र तर लाल रंगाच्या जाड, बेभान फटकाऱ्यांनी भरले आहे आणि हार्डेन यांच्या व्यक्तिचित्राशी त्याचे काडीचे साम्य नाही. तेव्हाचा डिक्स अभिव्यक्तिवादाच्याच वाटेवर होता.

1937 मध्ये म्युनिक येथे नाझींनी ‘अधःपतित कला’ या नावाने प्रदर्शन भरवले, त्यात किर्शनर आणि डिक्स या दोघांचीही चित्रे होती. हात तुटलेला किर्शनरही तिथल्या भिंतीवर टांगलेला होता.