बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं

दर आषाढीला उपासाच्या ताटाचा फोटो टाकून कुणीतरी हमखास लिहितं: बटाटा आणि रताळं एकाच कुळातली भावंडं, दोन्ही कोलंबसाने आणली. दोन्ही अमेरिकेतून आली हे खरं, पण बाकी बरंचसं चुकीचं आहे.

कुळाचं पटकन उरकतो. बटाटा वांग्याच्या कुळातला, आणि तो मूळ नव्हे, फुगलेलं खोड आहे. म्हणून त्याला डोळे असतात, आणि डोळा असलेली फोड पुरली की रोप येतं. रताळं मात्र खरंच मूळ. ताजं कापलं की पांढरा चीक येतो, फूल गारवेलीसारखं, लावणी वेलाच्या तुकड्यांची.

खरा घोळ नावाचा आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक 'बटाटा' म्हणत ते रताळ्याला. कोलंबसाला भेटलं तेच. आपला बटाटा तिथून फार दूर, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरांतला. क्वेचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. स्पॅनिश सरदार पिसारो पेरूत इंका सम्राटापर्यंत पोहोचला १५३२ मध्ये, आणि कोलंबस वारला १५०६ मध्ये. बटाटा त्याने आणणार कुठून?

पुढे युरोपात रताळ्याचं नाव या नव्या कंदाला चिकटलं. १५९७ मध्ये जॉन जेरार्डने आपल्या वनस्पतिग्रंथात रताळ्याला नुसतं 'पोटॅटो' म्हटलं आणि बटाट्याला 'व्हर्जिनियाचा पोटॅटो'. व्हर्जिनियाचा तर तो नव्हताच! पोर्तुगीज आजही रताळ्याला 'गोड बटाटा' म्हणतात, आणि आपला 'बटाटा' हा शब्द त्यांच्याकडूनच आला.

म्हणून त्या काळच्या कागदात 'पोटॅटो' दिसला की आधी थांबावं. जहांगीराच्या दरबारातल्या असफखानाने इंग्रज वकील थॉमस रो याला दिलेल्या मेजवानीत 'पोटॅटो' होते, असं पाद्री एडवर्ड टेरी लिहितो. तेवढ्यावर 'जहांगीराच्या काळी बटाट्याची भाजी होती' असं लोक बेधडक छापतात, याचा मला मनापासून राग येतो. इंग्रजीत तेव्हा तो शब्द रताळ्यालाही सर्रास वापरत. माझ्या मते त्या ताटात रताळंच होतं.

आणि रताळ्याला तर कोलंबसाची गरजही नव्हती. तो निघाला त्याच्या कितीतरी आधी ते पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन बेटांवर पिकत होतं. न्यूझीलंडचे माओरी लोक त्याला 'कुमारा' म्हणतात, आणि क्वेचुआत रताळ्याला शब्द आहे 'कुमार'.