परावर्तन सूत्रे

परावर्तन सूत्रे : एखाद्या सीमेवर येऊन उलटणाऱ्या गोष्टीची दिशा, प्रमाण किंवा मूल्य सांगणारी सूत्रे. गणितात ती सममिती उघड करतात. प्रकाशकीत किरण कुठे वळेल आणि किती प्रकाश परतेल हे त्यांवरून कळते, तर द्रव्यविज्ञानात परतलेल्या किरणांवरून पदार्थाची आतली रचना उलगडते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारली जाणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची (अवकाश-काळात पसरणाऱ्या तरंगांची) वेधशाळा आरशांवरच चालणार असल्यामुळे मराठवाड्यात या सूत्रांना आता नवे महत्त्व आले आहे.

आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे शाळेतच शिकवले जाते. सदिशांत (दिशा आणि परिमाण असलेल्या राशींत) मांडायचे तर आपाती सदिशाचा स्तंभिकेच्या (पृष्ठभागाला लंब रेषेच्या) दिशेतला घटक काढावा आणि त्याची दुप्पट मूळ सदिशातून वजा करावी; उरतो तो परावर्तित सदिश. हीच क्रिया पुन्हा केली की मूळ सदिश परत मिळतो. आरसा जेवढा कलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, तेही याच सूत्रामुळे. वेरूळ-अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून उन्हाचा कवडसा आत पाडण्याची रीत वाटाड्यांमध्ये होती. पत्रा ५ अंशांनी कलला की कवडसा १० अंशांनी सरकतो, म्हणून तो चित्रावर स्थिर धरायला हात फार सावध लागतो.

गणितात हे नाव विशेषतः गणितज्ञ ऑयलरच्या सूत्राला आहे. क्रमगुणिताची कल्पना अपूर्णांकांपर्यंत नेणारे फल (फंक्शन) म्हणजे गॅमा फल. क्ष पूर्णांक नसेल तर

गॅमा(क्ष) × गॅमा(१ − क्ष) = पाय ÷ साइन(पाय × क्ष)

येथे आरसा १/२ या संख्येवर उभा आहे. क्ष = १/२ घेतल्यास दोन्ही गुणक एकच होतात, उजवीकडे फक्त पाय उरतो आणि गॅमा(१/२) म्हणजे पायचे वर्गमूळ हे एका ओळीत सिद्ध होते. गणितज्ञ रीमानने १८५९ मध्ये झीटा फलासाठी दिलेले समीकरणही स आणि १ − स यांची अशीच जोडी लावते.

प्रकाशकीत दिशेपेक्षा मोलाचा प्रश्न प्रमाणाचा आहे, पण शालेय पाठ सहसा त्याच्या अलीकडेच थांबतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे उत्तर दिले. किरण सरळ काटकोनात आदळत असेल आणि दोन्ही माध्यमे पारदर्शक असतील, तर त्यांच्या अपवर्तनांकांच्या (माध्यम प्रकाशाला किती मंदावते ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) फरकाला बेरजेने भागून वर्ग केला की परतणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण मिळते. हवेतून पाण्यावर (१.३३) ते सुमारे २ टक्के, काचेवर (१.५) ४ टक्के आणि हिऱ्यावर (२.४२) १७ टक्के येते.

काचेवरून ४ टक्केच परतत असतील तर जवळपास सगळा प्रकाश परतवणारा आरसा पारदर्शक पदार्थांतून बनतो कसा? सिलिका (सुमारे १.४५) आणि टँटॅलम ऑक्साइड (सुमारे २.०७) यांच्या एका सीमेवरून जेमतेम ३ टक्के प्रकाश परततो. पण हे थर आलटून-पालटून, प्रत्येकी त्या थरातील तरंगलांबीच्या चतुर्थांश जाडीचे दिले, तर सगळ्या सीमांवरून परतलेल्या लहरी एकाच कलेत (शिखरावर शिखर अशा) येऊन मिळतात. अशा १५ जोड्यांचे परावर्तन सूत्रानुसार ९९.९९ टक्क्यांच्या वर जाते. अमेरिकेतील लायगोचे मुख्य आरसे याच तत्त्वाचे आहेत: ३४ सेंटिमीटर व्यासाचे, ४० किलो वजनाचे. लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर असल्याने सिलिकाच्या थराची चतुर्थांश जाडी सुमारे १८३ नॅनोमीटर येते. ४ किलोमीटरच्या भुजेत प्रकाश शेकडो वेळा ये-जा करतो, म्हणून परावर्तनातली बारीकशी तूटही तिथे परवडत नाही. थरांतील अणूंची उष्णतेने होणारी थरथर हाही मोठा अडसर आहे. टँटॅलम ऑक्साइडमध्ये टायटॅनियम ऑक्साइड मिसळून ती कमी केली जाते. भारतातील प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली.

थरांचे हेच गणित स्फटिकातील अणूंच्या प्रतलांना लावले की ब्रॅग सूत्र मिळते: प्रतलांतील अंतराची दुप्पट गुणिले कोनाची साइन म्हणजे तरंगलांबीची पूर्णांकी पट. त्यासाठी पिता-पुत्र ब्रॅग यांना १९१५ चे नोबेल मिळाले. मराठवाड्याच्या काळ्या मातीची तपासणी याच सूत्राने होते. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या या मातीत स्मेक्टाइट गटातील खनिजे असतात. त्यांच्या थरांतील अंतर साधारण १५ अँगस्ट्रॉम असते (१ अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). तांब्याच्या क्ष-किरणांनी (१.५४ अँगस्ट्रॉम) आलेखावर, जिथे सूत्रातल्या कोनाची दुप्पट मांडतात, त्याचे शिखर ६ अंशांच्या किंचित आत दिसते. नमुन्याला ग्लायकॉल (थरांत शिरणारा एक द्रव) दिले की अंतर १७ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते आणि शिखर सुमारे ५.२ अंशांवर सरकते. न फुगणाऱ्या केओलिनाइटचे ७ अँगस्ट्रॉमचे शिखर मात्र जागचे हलत नाही, म्हणून मातीचा फुगीरपणा कोणत्या खनिजामुळे आहे हे त्यावरून ठरवता येते.